मसनवटीतला बहावा

सांगा भाऊ, विश्वास कोनावर ठेवाचा? पंचांगावर का फुलावर? पंचांग म्हनते वैशाख आला, पन फुलाचा पत्ता नाई! आम्ही तिघे रोज सकाळी ब्रह्मपुरीजवळच्या मसनवटीत फिरायचो: मी किराणा दुकानदार, मोहफुलं वेचणाऱ्या वच्छलाबाई आणि रिटायर गुरुजी. तिथले किस्से मोहफुलांसारखेच. आज वेचले तरी उद्या पुन्हा सडा!

गुरुजींचं मात्र एकाच झाडाकडे लक्ष. बायकोला पुरलं, त्या मातीशेजारी त्यांनी सात वर्षांआधी बहावा लावला. तिला ते पिवळे झुंबर फार आवडत. अजून एक फूल नाही.

डॉक्टरनं मला वॉकिंग सांगितलं. रस्त्यावर निघालो की चार पावलांवर कोणी ना कोणी, "शेठ, तेल काय भाव?" मसनवटीत एवढी वस्ती, पण भाव कोणी विचारत नाही!

फागुनात पळस पेटला होता. माझा साळा नागपूरहून आलेला. चहूकडे पाहून म्हणाला, "भावजी, लोकेशन मस्त! प्लॉट पडले काय?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "पडले ना भाऊ. सातबारा नाई भेटत, पन ताबा लगेच!"

मातीवर टाकलेल्या हारांचं बी पडून इथे झेंडू उगवतो. सगळ्यात दाट वच्छलाबाईंच्या सासूच्या मातीवर. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "जितेपनी कोनाले जवळ येऊ देल्लं नाई बुढीनं. आता पाहा, मधमाशाइची जत्रा!"

चैतात मोह वेचताना त्या पहिली मूठ मातींवर टाकतात. मी विचारलं, "काऊन हो बाई?"

"शेजारी नाई काय ते? घरी काई नवं आलं तं शेजाऱ्याले देत नाई तुमी?"

मी दुकानदार माणूस, शेजाऱ्यालाही तोलूनच देतो!

मागच्या वैशाखात गुरुजींचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. आरमोरीच्या रस्त्यावरून बहाव्याची फांदी तोडली, त्यांच्या झाडाला बेमालूम बांधली. सकाळी गुरुजी आले. झाडाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "शेठ, या झाडाले सुतळी पन फुलते काय?"

वच्छलाबाई आठ दिवस हसत होत्या!

यंदा गुरुजींचा पोरगा त्यांना कायमचं पुण्याला घेऊन गेला. जायच्या सकाळी त्यांनी माझ्या हातात एक वही दिली. दर वैशाखाचं एक पान. प्रत्येक पानावर एकच शब्द: 'नाही.'

"आता तुमी लिवजा, शेठ."

"गुरुजी, मी फोनच करतो ना. फुललं म्हनून..."

त्यांनी माझा हात धरला. "फुललं तं फुललं लिवजा. नाई तं नाई लिवजा. मले बरं वाटावं म्हनून काई नोका लिवू. तिचा हिशेब हाय, शेठ. खरा ठेवजा."