रंगाऱ्याने भरलेला डबा

पडण्याआधी रंगाऱ्याला स्वयंपाकघरातलं एकच काम येत होतं, ते म्हणजे जेवणं. उंच इमारतींना बाहेरून रंग देण्यात त्याचं आयुष्य गेलं. मग एके दिवशी परांचीची दोरी सुटली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण कंबर कायमची कामातून गेली. घर आता बायकोच्या पायांवर चालू लागलं. ती दारोदार टपाल वाटायची.

नवऱ्याचं सगळं आटोपून ती नुसत्या चहावर बाहेर पडे. एकदा कुणाच्या तरी जिन्यात तिला भोवळ आली आणि लोकांनी धरून घरी आणलं. तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघत रंगारी म्हणाला, "उद्यापासून डबा मी देणार."

"तुम्ही? पाणी तरी उकळता येतं का?"

"उकळून उकळून जमेल."

सुरुवातीचे डबे कुत्र्यानेही हुंगले नसते. पण माणूस चिवट. अस्तर नीट बसलं नाही तर वरचा रंग टिकत नाही, हे तो जाणून होता. पोटाचंही तसंच असणार, असं त्याने धरलं. गोड बिस्किटांनी आलेली तरतरी दोन गल्ल्यांत उतरायची, हरभरे मात्र दुपार ओलांडून साथ द्यायचे. मग तो आदल्या दिवशीच हरभरे भिजत घालू लागला. ओट्याला टेकून अंडी उकडायचा, रताळी वाफवायचा, शेंगदाणे खमंग भाजायचा. चालता चालता तोंडात टाकायला खजूर आणि तिळाचे छोटे गोळे वळून द्यायचा.

संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच त्याचा प्रश्न, "आज भूक कुठे लागली?"

"दवाखान्याच्या चढावर," ती सांगायची.

की दुसऱ्या दिवशी त्या चढाच्या बेताने डब्यात एक रताळं जास्त पडायचं. घराबाहेर पाऊल न टाकता तिची सगळी वाट त्याला पाठ झाली होती.

अशी वर्षं गेली. मग तिचे गुडघे बोलू लागले, आणि टपाल कचेरीच्या साहेबांनी तिला आत, खिडकीपाशी बसवलं. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, बोलायला चार बायका मिळाल्या. रंगारी डबा देतच राहिला. तो रोज रिकामा परत यायचा. "छान झालं होतं," ती म्हणायची.

एकदा मात्र ती गेल्यावर त्याने भांड्यात उरलेले हरभरे चाखले. मीठ घालायचंच राहिलं होतं. दिवसभर तो चुटपुटत बसला.

"आज कसं झालं होतं?" ती आल्या आल्या त्याने विचारलं.

"नेहमीसारखं. मस्त."

"मीठ?"

"बरोबर होतं की."

"मीठ नव्हतंच त्यात."

ती खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, "अहो, मी आता चालते कुठे? दिवसभर बसून असते. डॉक्टर म्हणतात, वजन आवरा. त्या सगळ्या जणी कँटीनमध्ये गरम गरम खातात, आणि मी एकटीने कोपऱ्यात हरभरे चघळत बसायचं?"

"मग डबा जातो कुठे?"

"कचेरीमागच्या अंगणात. कबुतरांना."

"चांगली गुटगुटीत झाली असतील." दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही. "मला सांगायचंस तरी."

"तुम्ही पहाटे उठून करता. कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग आता मी करू काय?"

तिने पिशवीतून रिकामा डबा काढून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून हरभरे भिजले नाहीत. ती नुसती पर्स घेऊन निघायची. दार लागेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जाग आलेली असायची, हे तिलाही कळायचं.

सुट्टीच्या दिवशी तिलाच राहवलं नाही. "तुमच्या हातचं काहीतरी करा ना आज."

त्याने केलं. दोघं समोरासमोर बसली. तिने ताटातलं सगळं संपवलं, वर आणखी मागून घेतलं. प्रत्येक घास ती पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होती.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "भूक नाहीये तुला."

तिने मान खाली घातली. मग उठत म्हणाली, "बसा तुम्ही, भांडी मी घासते."

तेवढं काम त्याने तिला दिलं नाही. नळ सोडून तो ती दोन ताटं कितीतरी वेळ घासत उभा राहिला.