गुणपत्रकावरचा कोरा रकाना

कागदावर सही करायची होती. मी करू दिली नाही. म्हणून आम्ही हरलो.

आधी सचिवसाहेब काय म्हणाले ते सांगतो. सोलापुरातल्या यजमान कॉलेजचं मैदान, भर दुपार, दोन्ही संघ उभे. माझा दोन पानी तक्रार अर्ज चिमटीत धरून स्पर्धेचे सचिव मोठ्यानं म्हणाले, "मेंढरामागून उठून आले की असं होतं. शिट्टी फुंकता येते म्हणून कोच होता येत नाही, गुरुजी."

यजमानांच्या बाकावर हशा. मीही हसलो. खोटं कशाला सांगू? अपमान झाला की आधी हसायचं, ही आमची जुनी खोड.

मी मंगळवेढ्याकडचा. बाप मेंढरं राखायचा, मीही राखली. आता तिकडच्याच एका कॉलेजात कंत्राटावर खेळ शिकवतो. बास्केटबॉल मी पोरींना शिकवला तो मेंढरं वळवतात तसाच. चेंडूवालीच्या अंगावर जायचं नाही. बाजूनं दाबत दाबत कोपऱ्यात न्यायचं आणि तिथं दोघींनी कोंडायचं. त्यांच्या पोरी उंच, बूट भारी, मैदान त्यांचं. पण कोपऱ्यात सापडल्यावर उंचीचं काय लोणचं घालता? तीन सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. जिंकलो की विद्यापीठाची पुढची फेरी. आमच्या कॉलेजातून तिथवर कुणी गेलं नव्हतं. कॅप्टन सारिकाचं तर शेवटचं वर्ष.

त्यांच्या पोरीनं चेंडू घेतला. घड्याळ तीनवर. तिनं चार वेळा आपटला. घड्याळ तीनवर. एकीला चकवून वळली, तेव्हा कुठं टेबलामागच्या घड्याळ चालवणाऱ्या माणसाला जाग आली. तो माणूसही यजमानांचाच. घड्याळ चाललं, तिनं टाकला, चेंडू आत, भोंगा वाजला. पंचांनी गुण दिले.

टेबलावरच्या मुलीनं गुणपत्रक पुढं केलं. "कॅप्टन, सही करायचीय का?" बिचारी योग्य तेच विचारत होती. सारिकानं पेन घेतलं. मी धावत जाऊन ते हिसकावलं.

"कशावरबी सही करायची न्हाय! सही केली म्हंजे मान्य केलं!"

हे आमच्या घरातलं शहाणपण. आजोबांनी मेंढरांच्या लशीचा कागद समजून एकदा अंगठा उठवला, आणि ओढ्याकाठची जमिनीची पट्टी गेली. तेव्हापासून परक्याच्या कागदाला हात लावायचा नाही. माझी आई कुरिअरवाल्यालासुद्धा सही देत नाही.

मग मी झाडाखाली बसून अर्ज लिहिला. समास सोडून, सुवाच्य अक्षरात, 'महोदय' दोनदा. वीस मिनिटं लागली.

"निषेधाला कॅप्टनची सही लागते," सचिव म्हणाले. "गुणपत्रकावर, पंधरा मिनिटांच्या आत. छापील रकाना आहे त्याला. तुमचा कोरा आहे."

"मगाशी तुमी हितंच हुता की. सांगायचं हुतं."

"मी कशाला सांगू? वाचता येतं ना तुम्हाला?"

आणि मग ते मेंढरांचं वाक्य.

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. आमच्या संघानं मैदानावर गैरवर्तन केलं, त्याबद्दल माफी. "सही करा आणि निघा. नाहीतर तुमच्या प्राचार्यांना फोन करतो. कंत्राटावर आहात ना?"

कंत्राट शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप पेनाकडं गेला. तीन पिढ्यांचं शहाणपण गेलं ओढ्याला. टोपण काढलं.

"सर." सारिका. घामानं निथळत होती, रडत नव्हती. "पायजे हुती तितं करू दिली न्हाय. आता हितं करताय व्हय?"

पेन थांबलं. आजोबांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी वाचलं नव्हतं.

माफीनाम्याच्या चार घड्या केल्या, खिशात घातला. म्हणालो, "गैरवर्तन तुमच्या घड्याळानं केलंय, साहेब. सही त्याची घ्या. आन् मेंढरामागनं आलोय, व्हय, आलोय. चाळीस मिनिटं तुमच्या पोरी आमच्या कोपऱ्यातनं भाईर निघत नव्हत्या."

या वेळी कुणी हसलं नाही. निकाल मात्र तोच राहिला. परतीच्या एसटीत मी आजोबांची गोष्ट सांगितली, तर सारिकानं खिडकीकडं तोंड फिरवलं. तिचं वर्ष गेलं ते गेलं. निम्मं पाप त्यांचं, निम्मं माझं. सचिवांनी फोन केलाच. कंत्राट अजून लटकलंय.

आता सरावाआधी नियमावली. ओळ न् ओळ, मोठ्यानं. पहिल्या दिवशी चेंडू काढलाच नाही, कोऱ्या गुणपत्रकावर प्रत्येकीला निषेधाचा रकाना शोधायला लावला. आणि मी टेबलावरच्या पंचांच्या परीक्षेचा अर्ज भरला. मला त्या टेबलामागं बसायचंय. त्यांच्याच मैदानात, घड्याळाच्या बटणावर बोट ठेवून. पुन्हा कुणाचे तीन सेकंद लांबू देणार नाही. त्यांचे नाहीत, आमचेही नाहीत.

अर्ज सारिकाला दाखवला. कॉलेज संपलं तरी ती सरावाला येते. तिनं तो खालपर्यंत वाचला आणि पिशवीतून स्वतःचा भरलेला अर्ज काढून त्यावर ठेवला.

"मीबी बसतीय परीक्षेला. तुमच्या एकट्याच्या भरवशावर न्हाय सोडायचं आता." मग माझ्या अर्जाच्या तळाशी बोट टेकवलं. "आन् सर, हितं सही राहिलीया. ती काय आजोबा येऊन करणार?"