चौथी रेघ

"चपला कोरड्या हायेत," काठावरचा एक माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला. "म्हंजे खडकावर पाणी चढलंच नाही..."

मी त्यांच्या मागेच उभी होते. वैनगंगेत नाव फिरत होती, आणि समोरच्या सपाट काळ्या खडकावर, कपारीत, मोठेबाबांच्या चपला टाचा जुळवून ठेवलेल्या दिसत होत्या. शेजारी दगडाखाली दाबलेली बांबूची काठी अजून पाण्यावर वाकून होती. माणूस तेवढा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोडं खाली, बाभळीच्या मुळांत अडकलेले सापडले. तोवर गावात प्रत्येक जण एकच विचारत होता, खडक कोरडा असताना हा माणूस पाण्यात उतरला काहून? मला उत्तर माहीत होतं. मी घरी जाऊन माठातलं पाणी प्यायले आणि खोलीचं दार लावून बसले.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. भंडाऱ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. रविवारी विहारात वंदना आटोपली की पांढरा शर्ट खुंटीला जायचा, आणि हळद घालून मळलेली कणीक डब्यात घेऊन ते नदीवर मासे धरायला निघायचे. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत जायची. घरात मी एकटीच इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून माझं नाव त्यांनी 'कॉन्व्हेंट' ठेवलं होतं. "ए कॉन्व्हेंट, डब्बा धर." "ए कॉन्व्हेंट, घरी बोलाले बी मॅडमची परवानगी लागते का तुले?" मी हसायची, बोलायची नाही. त्यांना ते चालायचं. गरी टाकणाऱ्याला सोबत हवी तर मुकीच हवी, असं ते इतरांना सांगायचे आणि मला बरं वाटायचं.

त्या खडकावर बसणं सोपं नव्हतं. कडेला शेवाळ, खाली एकदम खोल पाणी. ते उजवी टाच एका भेगेत रोवायचे, दोरा तर्जनीवरून सोडायचे आणि मोरपिसाच्या देठाच्या तरंग्याकडे बघत राहायचे. बघायचे ते नेहमी समोर, पात्राकडे. काठ त्यांच्या पाठीशी असायचा. काठ आणि खडक यांच्या मधे एक खोलगट जागा होती. उन्हाळ्यात ती कोरडी असायची, एरवी गुडघाभर पाण्यातून दगडांवर पाय देत जावं लागायचं. खडकावर यायची आणि परतायची तेवढी एकच वाट.

खडकाच्या अंगावर, बसल्या जागेवरून मान वाकवली की दिसेल अशी, पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ होती. पहिली त्यांच्या वडिलांनी मारलेली. नियम असा की रेघेला पाणी लागलं की उठायचं. काठी, मासे, डबा, चपला, काही म्हणजे काही गोळा करायचं नाही. तोंडाशी आलेला रोहूसुद्धा सोडून द्यायचा. एकदा मी माझी वही घ्यायला वाकले होते, तर त्यांनी दंडाला धरून मला ओढत काठावर आणलं होतं. तेवढं एकदाच ते माझ्यावर रागावले. वही संध्याकाळपर्यंत खडकावर तशीच होती, भिजलीही नाही.

पण खालच्या धरणात पाणी अडवायला लागल्यापासून आमच्या इथली नदी वाहत कमी, चढते जास्त. आवाज करत नाही. ओंडके नाहीत, फेस नाही, आत्ता दिसणारा दगड थोड्या वेळानं दिसत नाही, एवढंच. आजोबांची रेघ बुडाली ती वर आलीच नाही. मग मोठेबाबांनी वीतभर वर दुसरी मारली, पुढे तिसरी. तिसरीही वर्षातले आठ महिने पाण्याखाली राहू लागली. नियम पाळायचा तर गरी टाकायला उन्हाळ्याचे चार महिनेच उरत होते, आणि खडक सोडायचा तर त्यांच्याजवळ दुसरं काय होतं, मला माहीत नाही.

या मे महिन्यात त्यांनी चौथी रेघ मारली, या वेळी वीतभर नाही, पुष्कळ वर. पाणी खूप उतरलं होतं. ते खडकाच्या पोटाला बिलगून वर उभे होते आणि मी खालच्या त्या खोलगट जागेत, हात उंच करून रंगाचा डबा धरून. रंगाचे दोन थेंब माझ्या कपाळावर पडले. ते पुसायला मी वर बघितलं, तेव्हा दिसलं... रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. बरीच वर. म्हणजे पाणी त्या रेघेला लागेल तेव्हा मी उभी आहे तिथे, परतायच्या वाटेवर, माणूस बुडेल इतकं पाणी असेल. खडक मात्र कोरडाच असेल.

सांगायचं वाक्य मी मनात जुळवलं. आधी इंग्रजीत आलं, मग पुस्तकी मराठीत, मग ते उद्धट वाटलं. चाळीस वर्षं या खडकावर बसलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

"मोठेबाबा, ही रेघ..."

"काय?" ब्रश थांबला. "बोल ना."

"सरळ आली आहे," मी म्हणाले.

"मेकॅनिकचा हात हाये पोरी," ते खूश होऊन म्हणाले.

सप्टेंबरमधल्या त्या दुपारी काय झालं ते कुणी पाहिलं नाही. मला मात्र ते रोज दिसतं. ते समोर बघत बसलेत. मागची वाट भरत चालली आहे. पाणी रेघेला लागतं, आणि ते आपला नियम पाळतात. काठी तशीच ठेवून, चपला तशाच ठेवून उठतात आणि सवयीच्या दगडावर पाय टाकतात. दगड तिथे असतो, फक्त फार खाली. बसून राहिले असते तर नावेनं आणलं असतं...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या आठवणी सांगताना, लोक त्यांच्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले. त्यांच्यासोबत गरी टाकणारे शालिककाका म्हणाले, "रेघेचा माणूस होता तो. आमाले बी त्यानंच वाचवलं." मी मागच्या रांगेत सतरंजीचा दोरा उसवत बसले होते.

परवा मी एकटीच नदीवर गेले. चपला घरी आणल्या आहेत, दाराशी आहेत, त्या कुणी हलवत नाही. काठी खडकावरच राहिली होती, ती बघावी असं वाटलं. खडकावर शालिककाका बसले होते, काठाकडे पाठ करून, टाच त्याच भेगेत रोवून. दगडाखाली दाबलेली ती काठी आता त्यांच्या हातात होती. मधल्या वाटेत मांडीभर पाणी होतं, जराही हलत नव्हतं. रेघ पाण्याच्या बरीच वर पांढरीशुभ्र दिसत होती.

"कोण, कॉन्व्हेंट का?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "घाबरू नको. रेघ लई दूर हाये अजून."

मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले. वाक्य जुळवायला थांबले नाही.

"काका, उठा तिथून, आत्ताच या. ते रेघ चुकीची हाये. मले मे महिन्यातच दिसलं होतं, मी बोलली नाही."