बाबांची टकटक

माझे बाबा बिल्डरकडे साइट सुपरवायझर होते आणि कुठलीही भिंत त्यांना न ठोकता बघता येत नसे. नातेवाइकांकडे गेलो की चहा यायच्या आधीच त्यांची बोटं भिंतीवर वाजलेली असायची. भरीव आवाज आला की मान डोलवायचे, पोकळ आला की गप्प बसायचे. मला त्या सवयीची भयंकर लाज वाटे.

उपनगरात हाटकेशच्या पलीकडची, खाडीजवळची आमची बिल्डिंग त्यांनीच उभं राहून बांधून घेतली होती. "माझ्यासमोर स्लॅब भरलाय, डोळे मिटून फ्लॅट घ्या," असं सांगत त्यांनी गिरगावातली ओळखीची माणसंही तिथं आणली. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका-काकू त्यांतलेच.

मी सातवीत असताना आईला ऑफिसातून एलटीसी, म्हणजे प्रवासखर्च, मिळाली आणि आम्ही दिल्लीचं कमळाच्या आकाराचं बहाई मंदिर बघायला गेलो. आत मूर्ती नाही हे कळल्यावर आईचा निम्मा उत्साह मावळला. बाबा मात्र फाटकापासूनच हळू चालू लागले. पांढऱ्या पाकळ्या जवळ येत गेल्या, तशी त्यांची मान मागे मागे गेली. संगमरवर वळणावर असा बसवला होता की सांध्यात नख जाईल तर शपथ. पाकळ्यांच्या पायाशी निळ्या पाण्याची तळी होती, त्यामुळे एवढं मोठं ओझं नुसतं तरंगतंय असं वाटायचं.

चपला काढून आम्हाला रांगेत उभं केलं आणि आत बोलायचं नाही म्हणून बजावलं. आत मधे एकही खांब नव्हता. काँक्रीटच्या कमानी एकमेकींना ओलांडत वर गेल्या होत्या आणि अगदी वरून मऊ उजेड खाली येत होता. कुणी खोकलं तरी ते सगळीकडे फिरून यायचं. हे माणसांनी रेती-सिमेंट कालवून केलंय, माझ्या बाबांसारख्या माणसांनी, असं मनात आलं आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या कामाचा अभिमान वाटला.

तेवढ्यात त्यांनी एका कमानीच्या पायथ्याशी बोट वाजवलं. टक्. भरीव, स्वच्छ आवाज. तिथल्या स्वयंसेविकेनं ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी हात काढला नाही, तळवा तिथंच टेकवून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

बाहेर तळ्याच्या काठावर बसल्यावर ते म्हणाले, "इथली रेती नक्की धुतलेली असणार."

"मग?"

"आपल्या बिल्डिंगची नव्हती. त्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येत नव्हते. खाडीची रेती तशीच खारट वापरली, पाणीही विहिरीचं, मचूळ. मालक म्हणाले, चालतंय. मी चालवलं."

"त्यानं काय होतं?"

"आतली सळई गंजते. गंजली की फुगते, काँक्रीट फोडते. आईला बोलू नकोस."

मी बोलले नाही. घरी परतल्यावर बाबांनी माझी खाट तुळईखालून ओढून खिडकीशी लावली. वारा लागतो, असं आईला सांगितलं. मला त्या वाऱ्याची भीती वाटू लागली. एकदा खालच्या काकूंनी छतावरचा तांबूस डाग दाखवला, तेव्हा "प्लास्टरचं आहे" म्हणून बाबा जिना चढून आले. मला त्यांचा राग आला. माझी खाट हलवली, काका-काकूंचं काय?

मग काकूंच्या नातवाचं बारसं निघालं. पाळणा हॉलच्या स्लॅबमधल्या हुकाला टांगला होता, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. तो तांबूस डाग आता हुकाभोवती पसरला होता. बायका बाळाला पाळण्यात ठेवणार, इतक्यात बाबा स्टुलावर चढले आणि हुकाशेजारी बोट वाजवलं. आवाज पोकळ आला.

"पाळणा काढा," ते म्हणाले. "रेती खारी होती. मला माहीत होतं."

बायकांनी बाळाला मागे घेतलं. बाळाचं नाव चटईवर ठेवलं गेलं. निघताना काका एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर आलो होतो हो. आता जायचं कुठं?"

आम्हालाही जायला दुसरं घर नव्हतं.

आठवड्याभरात खालून पाळण्याच्या कड्यांची करकर ऐकू येऊ लागली. त्या घरात हुक तेवढा एकच होता. बाबा जेवता जेवता घास हातातच धरून ऐकत बसायचे, आणि करकर थांबली की जिन्याकडे धावायचे.