उन्हाचं गाऱ्हाणं

आमच्या शेजाऱ्यांना सावली आवडते, झाड आवडत नाही. अंगणात सुक्या पानांचा पातेरा फार पडतो म्हणून त्यांनी जुना रायवळ आंबा तोडला आणि चकचकीत फरशी घातली. आता तिथे पाय ठेवला तर चटका बसतो. मग दुपारी खुर्ची उचलून ते आमच्या फणसाखाली येऊन बसतात आणि वर बघत म्हणतात, "तुमच्याकडे पण पातेरा फार हो."

देवापुढे वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. परवा देवळात नारळ धरून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, वाडीत हा उकाडा ज्या कुणी आणला असेल, त्याचा बंदोबस्त कर रे म्हाराजा."

वाडीने रीतीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.