लव्हॉनसाठी छपरावरचं गाणं

ऑर्विल टेश माझा तीस वर्षांपासूनचा शेजारी. हयातभर त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर घरावर नाताळचे दिवे नाचवायचं खूळ डोक्यात घेतलं. गॅरेजमध्ये पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, त्यातून निघालेल्या वायरी थेट छपरावर. गाण्याबरोबर दिवे लागायचे, विझायचे. बघायला येणाऱ्यांनी गाणं ऐकायचं ते आपापल्या गाडीच्या रेडिओवर, म्हणून डिसेंबरभर माझ्या दारात गाड्यांची रांग. मी बोंब मारली की तो येऊन माझ्या दारातला बर्फ काढून द्यायचा. भांडायचीही सोय नाही!

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचे, लव्हॉनचे, कान पार गेले. चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. ती घराबाहेर पडेना, हळूहळू बोलेनाशीच झाली. ऑर्विलने ठरवलं, हिला गाणं डोळ्यांनी ऐकवायचं. डाव्या हाताचे सूर डावीकडच्या माळांवर, उजव्याचे उजवीकडे, पायाने वाजायचे ते खाली कुंपणावर. ऑगस्टपासून तो त्यावर बसला होता.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तिला घरासमोर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये बसवलं. मीही मागे चढलो. तिने शेवटपर्यंत पाहिलं, त्याचा हात थोपटला आणि एवढंच म्हणाली, "छान आहे."

गाणं तिने ओळखलंच नव्हतं. ऑर्विलचं तोंड एवढंसं झालं.

"कुणाचं वाजवणं घेतलंस?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"एका मोठ्या वादकाचं."

"अक्कल गहाण ठेवलीस का रे? तो सुटलाय घोड्यावर बसल्यासारखा. लव्हॉन चर्चमध्ये गाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना दम घ्यायला दर ओळीनंतर थांबायची. तिला तिचंच दाखव की!"

"ते आता कुठून आणू?"

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आमचं चर्च रविवारची प्रार्थना, लव्हॉनच्या ऑर्गनसकट, कॅसेटवर उतरवून घरी पाठवायचं. माझ्या आईच्या कपाटात अशा कॅसेटी पडून होत्या. आई गेल्यापासून मी ते कपाट उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. नाताळची एक कॅसेट सापडली आणि ऑर्विलने तीन आठवडे बसून सगळे दिवे नव्याने जुळवले.

तेवीस तारखेला, पाच वाजता अंधार पडल्यावर, आम्ही तिघं पुन्हा ट्रकमध्ये. पहिली ओळ संपली. सगळे दिवे विझले आणि क्षणभर विझलेलेच राहिले.

लव्हॉन पुढे सरकली. तिची बोटं मांडीवर हलायला लागली. तिसऱ्या कडव्यात उजवीकडची एक माळ भलत्याच वेळी लागली, तशी तिने ऑर्विलच्या दंडावर जोरात चापट मारली.

"अरे मेल्या, इथे मी चुकले होते! पास्टरच्या बायकोने महिनाभर ऐकवलं होतं मला! स्वतः गायची ती मांजरासारखी, आणि मला बोलते! आणि तो म्हातारा हार्लन, तो तर प्रार्थनेत पहिल्या बाकावर बसून घोरायचा..."

कान गेल्यामुळे तिचा आवाज फार मोठा लागत होता. वर्षभराचं साठलेलं ती बोलत सुटली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ऑर्विल डोळे पुसत नुसता ऐकत होता, जागचा हलला नाही.