पातूरहून उसना आणलेला नायट्रोजन

शेतकऱ्याचं दुःख रेणूंच्या पातळीवर समजून घ्यावं, असं ज्या वर्षांत वरच्या मंडळींना वाटू लागलं, त्या वर्षांत अकोल्यातल्या आमच्या संशोधन संस्थेत एनएमआर यंत्र आलं. सरकीच्या तेलात कोणते रेणू आहेत ते हे यंत्र सांगतं. त्याने कापसाचा भाव कसा वाढणार, हे कोणी विचारलं नाही. यंत्र सांभाळायला मला नेमलं.

यंत्र म्हणजे मुख्यतः एक चुंबक. तो द्रव हेलियमात बुडालेला, आणि हेलियमभोवती द्रव नायट्रोजनचं वेष्टण. चुंबकात एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षं आपली आपण फिरत राहते. बाहेर भारनियमन, विहिरीत पाणी असून मोटार बंद, आणि आमचे हे महाराज बिनबिलाच्या विजेवर निवांत. दर आठवड्याला नायट्रोजन तेवढा पाजायचा. तो चुकला की हेलियम उकळून उडतो आणि चुंबक मरतो.

एका उन्हाळ्यात नायट्रोजनचा टँकर आलाच नाही. "अमरावतीहून निघालाय," असं पुरवठादार सलग चार दिवस सांगत होता. एवढ्यात बैलगाडीही पोचली असती. त्यात मोठे पाहुणे यंत्र बघायला येणार होते, त्यामुळे विभागप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातही असतो. गायी भरवायला लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या त्यात गोठवून ठेवतात. मी पातूरकडच्या दवाखान्यात गेले. तिथली भांडी एक वयस्कर चाचा सांभाळत. लाकडी पट्टी भांड्यात बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. पांढरं दव जिथवर धरेल तिथवर नायट्रोजन. आमचं परदेशी मापक बिघडल्यापासून मीही तेच करत होते, फक्त अहवालात तसं लिहीत नव्हते.

ओट्यावर एक बाई गाय घेऊन बसली होती. सरकारी योजनेत मिळालेली संकरित गाय. चाचा म्हणाले, "कांड्यायच्या भांड्यात चारच बोटं हाय. वरून टाकायचा साठा तुमी घेऊन जा, पन चार दिवसांत वापस पायजे मले. ह्या बाईची गाय दोनदा भरवली, दोनदा उलटली. पुढच्या हप्त्यात माजावर येईन. औंदा नाही फळली तं विकाच लागते."

"चौथ्या दिवशी मी स्वतः आणते, चाचा," मी म्हणाले.

चुंबक वाचला. तिसऱ्या दिवशी टँकरही उगवला. मी पातूरचं भांडं भरायला घेतलं, तर विभागप्रमुख म्हणाले, "आधी पाहुणे होऊन जाऊ द्या. ऐनवेळी कमी पडला तर? गायी थांबतील." गायींच्या माजाबद्दल रसायनशास्त्राच्या डॉक्टरेटने दिलेलं मत, मी कशाला वाद घालू? मी भांडं तसंच रिकामं बाजूला ठेवलं.

पाहुणे आठव्या दिवशी आले. शाल झाली, श्रीफळ झालं. पडद्यावरच्या आलेखात एक टोकदार शिखर उमटलं आणि टाळ्या वाजल्या. ते नळीतल्या नुसत्या द्रावकाचं होतं. सरकीचा नमुना तयार करायला कोणाला सवड झाली नव्हती.

नवव्या दिवशी भरलेलं भांडं घेऊन मी पातूरला पोचले. तीच बाई आवारात उभी होती, गाय हंबरत होती. चाचांनी माझ्यासमोर पट्टी बुडवून काढली, हलवली. दव धरलं नाही. पट्टी कोरडी होती.

"कांड्या मेल्या, बाई," ते तिला म्हणाले. "घेऊन जा तिले."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता कासरा हाताला गुंडाळला आणि गाय वळवली. आता ही गाय बाजारात जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचांनीच विचारलं, "तुमचं मशीन तं जित्तं हाय ना, मॅडम?"

टोमणा असता तर मी परतवला असता, ती विद्या मला येते. पण त्यांना खरंच काळजी होती. मी हो म्हणाले.